उद्यापनाची आठ तोंडं

शुक्रवारी बालवाडीत पोरं आली की कलाबाई त्यांना आधी 'आ' करायला लावत. प्रार्थना नंतर, पाटी नंतर, आधी जीभ. जिभेवर चिंचेचा, कैरीचा किंवा कच्च्या द्राक्षाचा मागमूस दिसला की त्या पोराला देवळामागच्या हौदावर नेऊन त्या स्वतः त्याची जीभ धुऊन काढत. रागावत मात्र नसत. कलाबाईंना रागावता येतच नसे. आवाज इतका खालचा, की त्या शिकवत ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू जाई, आणि पहिली रांग ते मागच्यांना ओरडून सांगे. मखमलाबादच्या पुढे पाटाच्या कडेला मळेकऱ्यांची जी वस्ती आहे, तिथल्या मारुतीच्या सभामंडपात ही बालवाडी अशी कितीतरी वर्षं चालली होती.

जीभ बघायचं कारण सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. शुक्रवार संतोषीमातेचा. त्या दिवशी व्रत करणारीनं आंबट खायचं नाही, आणि जो तिच्या हातचा प्रसाद घेईल त्यानंही खायचं नाही. कलाबाई सोळा शुक्रवार करत होत्या आणि गूळ-चण्याचा प्रसाद बालवाडीतल्या पोरांच्या हातावर ठेवत होत्या. तेव्हा पोरांच्या जिभा त्यांच्या जबाबदारीत आल्या.

तसे कलाबाईंचे सगळेच वार लागलेले. सोमवारी महादेवाची साखर, मंगळवारी गणपतीची खडीसाखर, गुरुवारी दत्ताचा पेढा, शनिवारी मारुतीचं गूळ-खोबरं. बुधवार तेवढा मोकळा असायचा, पण पोरं हात पुढे करायची म्हणून त्या दिवशी मंगळवारची उरलेली खडीसाखर. मात्र शुक्रवारचं व्रत वेगळं होतं. त्यात मागणं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा जीवन फिटरचं शिकून ओझरला विमानाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता, आणि आज आहे उद्या नाही अशा त्या कामातून तो कुठंतरी कायम व्हावा, एवढंच कलाबाईंचं देवीपाशी म्हणणं होतं. कायम झाला की सोयरीक. सोयरीक झाली की त्या आणखी काही मागणार नव्हत्या.

सोळा शुक्रवार एकदा झाले, उद्यापन झालं, आणि ठेकेदार बदलला. पुन्हा सोळा झाले, पुन्हा उद्यापन झालं, आणि नव्या ठेकेदारानं जीवनला रात्रपाळी लावली.

"कुठंतरी आंबट गेलं असंल," थोरली जाऊ फुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात मिश्रीचं बोट होतं. "देवी फार कडक हाय बाई ती. कणभर चालत नाय तिला."

"मी जीभ बघते, अक्का. एकेकाची बघते."

"तुझी नजर मऊ हाय. नीट बघ."

म्हणून तिसऱ्या खेपेला कलाबाई जिभेच्या खालीही बघू लागल्या.

आणि सोळातले निम्मे शुक्रवार उरकले असताना, एका बुधवारी, बालवाडीत दातांचं शिबिर आलं.

शिबिर म्हणजे एक तरुण डॉक्टरीण, सरिता तिचं नाव, दातांच्या कॉलेजातून आलेली. एक आरसा, एक बॅटरी, आणि कलिंगडाएवढा प्लॅस्टरचा जबडा. जबडा बघून लहान गटातली दोघं रडली. मोठ्या गटानं त्याच्या दातांत बोटं घालून बघितली. डॉक्टरीणबाईंनी एकेका पोराला खिडकीपाशी घेतलं, तोंडात बॅटरी मारली, आणि जसजशी रांग पुढे सरकली तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्या मुलांना तुम्ही देता तरी काय?"

"संस्कार," कलाबाई म्हणाल्या.

"तसं नाही. खायला काय देता?"

"खायला मी काय देणार मॅडम? घरून खाऊनच येतात. मी आपला नुसता प्रसाद देते."

मॅडमनी फुलाबाईंच्या नातवाला, राजूला, पुढे ओढलं. हा राजू पाच वर्षांचा, बालवाडीतला सगळ्यात आज्ञाधारक. उभा राहा म्हटलं की बसा म्हणेपर्यंत उभा राहणारा. पुढचे दात तपकिरी होऊन त्यांचे कोंब उरले होते, आणि मागच्या दाढेत मसुराची डाळ बसेल एवढा खड्डा होता. कलाबाई दर शुक्रवारी ह्याच तोंडात डोकावत होत्या. जीभ तर त्यांना पाठ होती. दात त्यांनी पहिल्यांदा पाहिले.

"बघितलंत? हा सगळा गुळाचा प्रताप. चिकटून बसतो, निघत नाही."

"पण देवीचा गूळ आहे तो मॅडम. त्यानं कसं काय..."

"देवीचा असो नाहीतर वाण्याचा, तोंडातल्या जंतूंना सारखाच. ते गूळ खातात आणि आम्ल सोडतात."

"आम्ल म्हणजे?"

"म्हणजे आंबट हो. लिंबाच्या रसासारखं. त्या आंबटानं दात विरघळतो."

कलाबाईंच्या हातातली खडीसाखरेची वाटी तशीच राहिली.

"गुळाचं आंबट होतं?"

"होतं."

"तोंडात?"

"तोंडातच."

"शुक्रवारी पण?"

मॅडमना वाटलं बाई गंमत करताहेत. त्या मोकळेपणानं हसल्या. "जंतूंना वार कुठला कळतो, ताई!"

कलाबाई हसल्या नाहीत. त्या बोटांवर शुक्रवार मोजू लागल्या. दोन वेळा सोळा, आणि वर हे निम्मे. इतक्या शुक्रवारी त्यांनी पोरांच्या जिभा घासून चिंच काढली होती, आणि स्वच्छ केलेल्या त्या तोंडात स्वतःच्या हातानं आंबट घातलं होतं. देवीच्या देखत. देवीचाच प्रसाद म्हणून. जीवन कायम होणार कसा?

त्यानंतर कलाबाईंनी मॅडमना जे विचारलं, ते एखाद्या परीक्षेला बसणाऱ्यानं विचारावं तसं. आंबट किती वेळ राहतं? पाणी प्यायलं तर जातं का? चूळ भरली तर किती जातं? खड्ड्यातलं जातं का? मॅडम हरखून सांगत होत्या. गोड खाल्लं की लगेच खळखळून चूळ भरायची. रात्री झोपण्याआधी ब्रश करायचा, ते सगळ्यात महत्त्वाचं. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्यायचं, सारखं मधेमधे नाही. आणि किडलेल्या दाढेचा खड्डा भरून घ्यायचा, कारण चुळीनं तो साफ होत नाही. त्यात अन्न कुजणार आणि तिथं आंबट राहणारच.

"राहणारच?" कलाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"भरून घेईपर्यंत राहणार."

जाताना मॅडमनी प्लॅस्टरचा जबडा बालवाडीला भेट दिला. इतकी शिबिरं घेतली, पण एवढ्या तळमळीनं विचारणारी बाई पहिल्यांदाच भेटली, असं त्यांनी कॉलेजात जाऊन सगळ्यांना सांगितलं म्हणे.

चुळीचं ठरलं, पण चुळीतच अडलं. प्रसाद खाल्ल्यावर चूळ भरायची नाही, हे कलाबाईंना आईनं शिकवलेलं. चूळ भरायची म्हणजे थुंकायची, आणि थुंकायची म्हणजे देवीचा प्रसाद मातीत टाकायचा. न भरावी तर आंबट, भरावी तर अपमान. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. त्यातला एक दिवस तसाही उपासाचा होता.

शेवटी त्यांनी देवळातल्या चिमाजी गुरवाला विचारलं. चिमाजी मारुतीला शेंदूर लावत होता.

"थुंकायची कशाला?" तो मागं न बघता म्हणाला. "खळखळ करायची अन् गिळायची. तीर्थ म्हणून पाणी द्या. तीर्थ कोण थुंकतं का?"

कलाबाईंना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्या शुक्रवारपासून बालवाडीत गूळ-चणे झाले की प्रत्येक पोराच्या हातावर तांब्यातलं तीर्थ पडू लागलं. पोरं गाल फुगवून खळखळ करत, मान मागं टाकून गुळण्या करत, आणि कलाबाईंनी हात खाली केला की सगळी एकदम गिळत. पोरांना तो खेळ इतका आवडला की काही जण दुसऱ्यांदा रांगेत येत.

शुक्रवारी संध्याकाळी कलाबाई दात घासायची आठवण करायला घरोघर जाऊ लागल्या. ब्रश मॅडमनी दिलेले. दिवे लागायच्या सुमाराला, बाया झेंडूच्या पाट्या उद्याच्या बाजारासाठी बांधत असायच्या, तेव्हा कलाबाई दारात येऊन हळूच म्हणायच्या, "बयाबाई, पोराचे दात घासून घ्या बरं का. शुक्रवार आहे."

मग वस्तीत शुक्रवारी दात घासायची पद्धत पडली. एका पोरानं गुरुवारी ब्रश हातात घेतला तर त्याच्या आईनं तो काढून वर फळीवर ठेवला. "आज कशाला झिजवतोस? आज चालतं."

महिन्याभरानं मॅडम पुन्हा आल्या तेव्हा नेमका शुक्रवार होता. सगळी बालवाडी एका दमात चूळ भरताना बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं पाणी गिळताहेत हे बघून त्या जरा चमकल्या, पण म्हणाल्या, "गिळेनात का! आता असंच रोज करायचं."

"रोज कशाला मॅडम?"

"रोज प्रसाद देता ना?"

"देते. पण बाकीच्या देवांना आंबट चालतं."

मॅडमना हे वाक्य कळलं नाही. त्यांनी ते घाईगडबडीत सोडून दिलं. पुढं कधीतरी आठवलं असेल.

होता होता माघ आला, सोळावा शुक्रवार झाला आणि उद्यापन पुढच्या शुक्रवारावर आलं. उद्यापनाला आठ मुलगे जेवायला घालायचे. खीर, पुरी, चण्याची उसळ. दक्षिणा म्हणून फळ द्यायचं, पैसे नाही, कारण पैसे दिले तर पोरं जाऊन चिंच घेतील. ह्या आठांच्या पोटात त्या दिवशी आंबट गेलं की सोळाच्या सोळा शुक्रवार पाण्यात. आणि पहिला मान घरच्या, दीर-जावांच्या पोरांचा. मागच्या दोन्ही उद्यापनांना पहिल्या पाटावर राजू बसला होता.

पण राजूच्या दाढेत खड्डा होता. आणि खड्ड्यात आंबट राहतं, हे शिकलेल्या बाईनं सांगितलेलं.

कलाबाई शहराची बस धरून दातांच्या कॉलेजात गेल्या. "मॅडम, आमच्या आठ पोरांचे खड्डे शुक्रवारच्या आत भरून द्या."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. दुधाचे दात भरून घ्यायला स्वतःहून कुणी येतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. "भरूया की! पण एका बैठकीत होणार नाही. आणि आयांना विचारलंत?"

आयांना विचारलं. आया हसल्या.

"दुधाचे दात ते, पडायचेच हायेत," बयाबाई म्हणाली. "पडक्या भिंतीला गिलावा करतं का कुणी?"

"त्यांच्याखाली पक्के दात येतात. हे किडले की ते पण वाकडे येतात, मॅडम म्हणाल्या."

"येतील तवा बघू. तुमचं उद्यापन हाय म्हणून माझ्या पोराच्या तोंडात मशीन घालू?"

बयाबाईला वाटलं आपण टोमणा मारला. कलाबाईंना वाटलं तिनं बरोब्बर ओळखलं. त्या निघाल्या.

मग राहिला एकच मार्ग: बिनकिडकी आठ तोंडं शोधायची. कलाबाई मळ्यामळ्यांतून फिरल्या. पोरगा दिसला की हनुवटी धरून तोंड उघडायला लावायच्या, आत बघायच्या आणि सुस्कारा टाकून पुढं जायच्या.

"बैल घ्यायचाय का काय कलाबाई?" चिमाजी देवळाच्या ओट्यावरून म्हणाला. "एवढे दात तर बाजारात पण कोण बघत नाय."

वस्तीतलं एकही तोंड धड नव्हतं. असणार कसं? त्यातला जो तो बालवाडीतून गेलेला. जो जितका नियमानं आलेला, जितक्या श्रद्धेनं हात पुढे केलेला, तितके त्याचे दात काळे. आळशी, बुट्टी मारणारी जी दोनचार होती, त्यांचे त्यातल्या त्यात बरे होते, पण बरे म्हणजे बिनखड्ड्याचे नव्हेत.

आणि एका दुपारी पाटाच्या पलीकडे, द्राक्षाच्या बागेच्या बांधावर, त्यांना आठांहून जास्तच सापडली.

पेठ तालुक्याकडची माणसं ती. भात निघालं की डोंगरातून खाली उतरायची, बागेत घडांतले मणी विरळायचं काम करायची आणि बांधाला झोपड्या टाकून राहायची. त्यांची पोरं बालवाडीत येत नसत. आज इथं उद्या तिथं, हजेरी कशी लावायची म्हणून कलाबाईंनीही त्यांना कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ती पोरं चिंचेच्या झाडाखाली खिदळत होती. तोंडं उघडी, आणि आत सोललेल्या लसणीसारखे पांढरेशुभ्र दात.

कलाबाई फकिराच्या झोपडीपाशी गेल्या. फकिरा त्या टोळीचा म्होरक्या.

"पोरांना गूळ देता का हो?"

"गूळ?" फकिरा म्हणाला. "चहात घालाया पुरत नाय बाई. नागलीची भाकर नि मिरची खातात. नि झाडावर गावंल ते."

"शुक्रवारी माझ्याकडे जेवायला पाठवा. आठ मुलगे."

"नि काय काम करायचं त्यांनी?"

"जेवायचं."

"नि आणखी?"

"आंबट खायचं नाही."

फकिरानं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. एवढ्याशा अटीवर कुणी जेवू घालतं, हे त्याला पटत नव्हतं. पण बाई हळू बोलणारी होती, आणि तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यानं मान हलवली.

घरी मात्र फुलाबाईंनी मिश्रीचं बोट तोंडातून काढलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"माझ्या नातवाला पाटावरून उठवून रानातली पोरं बसवतेस?"

"अक्का, त्याच्या दाढेत खड्डा आहे."

"अन् तुझ्या डोक्यात?"

"आंबट राहतं तिथं. मॅडमनी सांगितलंय. जीवनसाठी करतेय ना मी? तिसरी खेप आहे, अक्का. आता नाही फळलं तर माझ्यात बळ नाही."

फुलाबाईंचं बोट पुन्हा मिश्रीत गेलं. जीवन त्यांच्याही अंगाखांद्यावर वाढलेला. पण राजूला त्यांनी काय सांगितलं, किंवा काहीच सांगितलं नाही, ते कलाबाईंनी विचारलं नाही.

उद्यापनाच्या सकाळी आठ पोरांना पंपाखाली घासूनपुसून, जीवनचे लहानपणचे सदरे घालून, कलाबाईंनी सभामंडपात बसवून ठेवलं. जीवन खाडा करून वाढायला थांबला होता. मॅडमनाही मुद्दाम बोलावलं होतं, बॅटरी घेऊन. त्यांनी आठही तोंडं तपासली आणि त्या थक्क झाल्या. "एक डाग नाही! ही मुलं कुठली? आणि जेवणाआधी तपासणी कशासाठी, ताई?"

कलाबाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सगळं सांगितलं. व्रत, आंबट, खड्डे, जीवन.

मॅडम बराच वेळ बॅटरी बंद-चालू करत राहिल्या. "म्हणजे दात तुमच्या मनात नव्हतेच?"

"नव्हते मॅडम. माझ्या मनात जीवन होता."

"आणि चूळ?"

"तीही त्याच्याचसाठी."

"मग आज व्रत संपलं की..."

"संपलं की संपलं."

तेवढ्यात पानं वाढली गेली.

पोरं जेवायला बसली. पहिला घास घेऊन थबकली. असं गोड त्यांनी आयुष्यात खाल्लं नव्हतं. वाटीभर खीर गेली, दुसरी वाढली, वर गूळ-चणे. कलाबाई हात जोडून देवीच्या तसबिरीपुढे बसल्या होत्या. एक एक पुरी संपत होती तसा त्यांचा जीव भांड्यात पडत होता. आता थोडंच राहिलं.

फकिराचा थोरला, सोमा, तिसऱ्या वाटीवर अडकला. त्यानं घास तोंडात घोळवला, डोळे मिटले. मग डाव्या हातानं कमरेच्या करगोट्यात खोचलेली पुरचुंडी काढली, तिच्यातला मीठ लावलेल्या चिंचेचा गोळा तोडून एक तुकडा तोंडातल्या घासात टाकला, आणि त्याचा चेहरा खुलला. चांगल्या घरचं पोर ते. एकट्यानं कसं खाणार? त्यानं गोळा शेजारच्याला दिला. शेजारच्यानं पुढच्याला. जीवन पुऱ्यांचं ताट घेऊन वळला तोवर चिंच आठव्या पानावर पोचली होती.

"आई," जीवन म्हणाला.

कलाबाईंनी वळून बघितलं.

सोमाला काहीतरी चुकलं एवढं कळलं. "लय गोड झाला," तो म्हणाला. "खाववंना."

आणि मग जमलेल्या सगळ्या बायांच्या माना हळूहळू फुलाबाईंकडे वळल्या. कारण शुक्रवारच्या कथेत असंच होतं. उद्यापनाला बसलेल्या पोरांना आंबट मागायला जावाच शिकवतात.

"माझ्याकडं काय बघता गं?" फुलाबाई कडाडल्या. "मी त्या पोराला आज बघते पहिल्यांदा! मी शिकवलं तर माझी जीभ झडंल!"

"कुणी काही म्हणत नाही अक्का," कलाबाई म्हणाल्या.

"आई, सोड आता," जीवन हलकेच म्हणाला. "त्या ठेकेदाराला सांगू का मी, का चिंच खाल्ली म्हणून कायम करू नको? तो काय आधी करणार होता?"

कलाबाईंना वाटत होतं रडू येईल, पण रडू येत नव्हतं. समोर आठ पोरं चिंचेचे ओठ चाटत होती, आणि प्रत्येकाचे दात लखलखीत होते. ज्या तोंडांत आयुष्यभर आंबट गेलं ती धड, आणि ज्यांत आंबटाचा कण जाऊ दिला नाही ती किडलेली. ह्यातलं देवीच्या बाजूनं काय धरायचं आणि विरुद्ध काय, हे त्यांना उमगेना.

पायरीवर राजू बसला होता. डावा गाल सुजलेला, त्यावर हात. तो कधी आला होता कुणास ठाऊक. तो उठून त्यांच्यापाशी आला.

"बाई, मी नव्हतं खाल्लं आंबट," तो म्हणाला.

"काय?"

"एकदाबी नाय. चिंच नाय, बोर नाय. तुम्ही दिलं तेच खाल्लं."

त्याला वाटत होतं की आंबट खाल्ल्याचा संशय घेऊन त्याला पाटावरून उठवलं. इतके दिवस तेच मनात धरून बसला होता, आणि आता पुरावा समोर होता की चोर दुसराच आहे. तो वाट बघत उभा राहिला. उभा राहा म्हटल्यासारखा.

कलाबाईंनी देवीपुढचा, स्वतः बसल्या होत्या तो पाट ओढला, त्याच्यावर राजूला बसवलं आणि पान वाढलं. पुरी वाढली, उसळ वाढली. गुळाच्या वाटीकडे हात गेला आणि मागे आला.

"देवी रागवंल ना?" राजू म्हणाला. "मी आठात नाय."

"देवीशी मी बोलते. तू जेव."

राजू उजव्या बाजूनं, जपून, चावू लागला.

"जाऊ दे गं," फुलाबाई आता नरमल्या होत्या. "चौथं धर. मी बी धरते तुझ्यासंगं."

"चौथं धरणार?" मॅडम एकदम म्हणाल्या. "म्हणजे आणखी सोळा आठवडे चूळ चालू राहील?" त्यांचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी, ह्या घरावर काय ओढवलंय ते आठवून, त्या ओशाळून खाली बघू लागल्या.

कलाबाई राजूच्या गालाकडे बघत होत्या.

"मॅडम, ह्याला सोमवारी आणलं तर बघाल?"

"बघेन की. पण सोमवारी तुमचा उपास ना? तिथं खूप वेळ थांबावं लागतं, ताई. उपाशीपोटी कशा..."

"उपास माझा आहे, मॅडम," कलाबाई म्हणाल्या. "दाढ त्याची आहे."

राजूनं घास थांबवला. "दुखंल का, बाई?"

"दुखेल," कलाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या पानात आणखी एक पुरी वाढली.